सोळा बाय पंचवीस

भट्टी तळघरात आहे, जिन्याच्या पोटात.
घर दाखवताना एजंटने तिच्यावर नुसता टॉर्च फिरवला :
जुनी आहे, पण चालते.
थंडर बेमध्ये ऑक्टोबर सरता सरता
याहून जास्त कुणी विचारत नाही.

विनिपेगच्या भाड्याच्या खोलीत ऊब आपोआप यायची,
वरच्या मजल्यावरच्या भांडणासारखी.
तिलाही गाळणं लागतं, हे मला इथे कळलं.
दुकानातल्या पोरानं विचारलं, माप?
मी हातांनी हवेत एक चौकोन काढला.
तो हसला नाही. म्हणाला,
जुन्या फिल्टरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं असेल.
आणि बाण बघा. बाणाचं तोंड भट्टीकडे.
उलटा बसवलात तरी चालेल ती,
फक्त धापा टाकेल.

खाचेतून जुना ओढला
तर जुन्या कोटाचं अस्तर निघावं तसा आला,
राखाडी, मऊ, मधोमध पोक आलेला.
पिशवीत घालताना मी श्वास रोखून धरला.
त्यानं एवढी वर्षं धरून ठेवलेलं
माझ्या हातून सुटायला नको.

मग दिसलं, खाचेच्या वर, पत्र्यावर,
काळ्या मार्करने लिहिलेल्या तारखा.
१९९१ पासून. तीन-तीन महिन्यांनी, न चुकता,
पट्टी धरून लिहाव्यात तशा सरळ.
मधूनच एखाद-दोन शब्द :
उणे एकेचाळीस.
पंख्याचा पट्टा नवा.
सॉनाचं दार रंगवलं.
एका उन्हाळ्यात दर आठवड्याला तारीख,
आणि शेजारी, जंगलाचा धूर. कोळसा झालाय.
मग, लेम्पी गेली.
तीन महिन्यांनी, केस अजून येतात.
मग, केस. कमी.
मग, एक.
पुढची तारीख, मार्च २०१९. तिच्यापुढे काही नाही.
त्यानंतर तारीखच नाही.

मांजरी असेल, मला वाटलं.
आमच्याकडेही होती. ती मेल्यावर दोन हिवाळे
वडिलांच्या काळ्या पँटवर सापडत राहिली.

रविवारी शेजारच्या इर्मा आल्या,
वेलदोड्याचा गोड पाव घेऊन, अजून गरम.
मी विचारलं, वेइकोंची मांजरी कोणत्या रंगाची होती?
"मांजरी?"
त्यांनी पाव कापायचा थांबवला.
"वेइकोला खिडकीतून मांजर दिसलं तरी शिंका यायच्या."
मग बऱ्याच वेळाने,
"लेम्पीचे केस मात्र इथवर होते, दारिना,"
असं म्हणून त्यांनी सुरीचा हात तसाच
कमरेला लावला.

रात्री हिशेब लागला.
मार्चमधला फिल्टर त्यानं बसवला,
काढला मात्र नाही.
चार वर्षं भट्टी धापा टाकत राहिली,
तो वर, स्वेटरवर स्वेटर चढवत,
आणि खाली ती एक चौकट
त्यानं न पाहिलेली.

पिशवी फाटकाशी होती, मंगळवारच्या गाडीसाठी.
मी चपलांवरच बाहेर गेले.
बर्फ भुरभुरायला लागलं होतं.
गाठ चाचपली. उघडली नाही.
एखादा असेल, एखादा नसेल,
ते बघायचं माझ्याकडे नव्हतं.

मार्कर अजून जिन्याच्या खिळ्याला टांगलेला,
सुतळीने, सुकून खडखडीत.
जिभेवर ओला केला, तारीख लिहिली,
त्याच्या शेवटच्या तारखेखाली
बोटभर जागा सोडून.
पुढे काय लिहावं सुचेना.
वर कुठेतरी थर्मोस्टॅट टकटकला,
भट्टीनं आत हवा ओढली
आणि नवा पांढरा फिल्टर
किंचित आत वाकला,
कुणी हाक मारल्यावर मान वळावी तेवढाच.

लिहिलं :
बाण तपासला.